कार्लचा झाला क्राल

बाल्टिक किनाऱ्यावर कालिनिनग्राद नावाचं रशियन शहर आहे. दुसऱ्या महायुद्धापर्यंत ते जर्मन होतं, नाव क्योनिग्सबेर्ग, म्हणजे राजाचा डोंगर. २०२३ मध्ये पोलंडनं ठरवलं, की सोव्हिएत नेता कालिनिनचं नाव आपल्या नकाशांवर नको, जुनं पोलिश नाव 'क्रुलेव्हिएत्स' लिहायचं. त्या नावातही राजाच आहे. पण जर्मन 'क्योनिग' आणि पोलिश 'क्रुल' यांचं एकमेकांशी काही नातं नाही. क्रुल हे मुळात एका माणसाचं नाव.

तो माणूस म्हणजे फ्रँक लोकांचा राजा कार्ल, इतिहासाच्या पुस्तकांतला शार्लमेन. इ. स. ८०० च्या नाताळात रोममध्ये पोपनं त्याला सम्राटपदाचा मुकुट घातला. त्याच्या राज्याच्या पूर्व सीमेवर, एल्ब नदीपासून डॅन्यूब नदीपर्यंत, स्लाव्ह टोळ्या (आजच्या पोलिश, चेक, सर्बियन वगैरे लोकांचे पूर्वज) राहत. त्यांच्यातल्या कित्येकांना त्याच्या फौजांची चांगलीच ओळख होती. एवढा बलाढ्य राजा त्यांनी दुसरा पाहिला नसावा. कुठल्याही वनस्पती तुपाला आपण डालडा म्हणू लागलो, तसं या लोकांनी कुठल्याही राजाला 'कार्ल' म्हणायला सुरुवात केली. जुन्या जर्मानिक बोलींत (जर्मन, इंग्रजी ज्या कुळातल्या, त्या बोलींत) कार्लचा अर्थ काय, तर नुसता 'माणूस', 'गडी'!

भाषाशास्त्रज्ञांना या शब्दाचं अप्रूप आहे ते वेगळ्याच कारणानं. त्या काळच्या स्लाव्ह बोलींत प्रत्येक अक्षर स्वरावर संपायला हवं, अशी ओढ होती. 'कार्ल'मधला मधेच अडकलेला र् त्यात बसेना. मग प्रत्येकानं आपापल्या परीनं वाट काढली. दक्षिणेकडच्या स्लाव्हांनी आणि चेकांनी र आधी घेतला आणि स्वर मागे ढकलला: सर्बियन 'क्राल्य', चेक 'क्राल'. पोलिश लोकांनीही तेच केलं, फक्त स्वर ओ ठेवला (त्याचा पुढे उच्चारात उ झाला). रशियनांनी र च्या दोन्ही बाजूंना स्वर लावून टाकला: 'कोरोल'. ही तऱ्हा एकट्या या शब्दाची नाही. गाय सर्बियनमध्ये 'क्रावा', पोलिशमध्ये 'क्रोवा', रशियनमध्ये 'कोरोवा'. शहर सर्बियनमध्ये 'ग्राद', रशियनमध्ये 'गोरोद'.

आता गाय हा शब्द किती जुना, ते सांगणं कठीण. कार्लचं तसं नाही. तो ७६८ मध्ये गादीवर आला आणि ८१४ मध्ये वारला. त्याचं नाव त्याच्या आधी तर कोणी उसनं घेणार नाही. म्हणजे हा उच्चारबदल साधारण ८०० च्या सुमाराला अजून चालू होता, असं निघतं. स्लाव्ह भाषांसाठी पहिली लिपी कार्लच्या मृत्यूनंतर जवळजवळ अर्धं शतक उलटल्यावर, ८६० च्या दशकात तयार झाली. लेखी पुरावा शून्य असताना उच्चारांतला बदल काळाच्या इतक्या अरुंद पट्ट्यात पकडता येणं ही दुर्मीळ गोष्ट आहे.

जर्मन क्योनिग आणि इंग्रजी किंग यांची कथा थोडक्यात सांगतो. दोन्हींचं मूळ रूप 'कुनिंगाझ' असावं, असं अभ्यासकांनी नियम लावून काढलं होतं. लिहिलेलं ते कुठेच सापडत नाही. पण फिनिश लोकांनी हा शब्द फार पूर्वी उचलला आणि आजही ते राजाला 'कुनिंगास' म्हणतात. शेजारी लिथुआनियात याच कुळातला 'कुनिगास' म्हणजे चर्चमधला पाद्री, आणि लात्व्हियात 'कुंग्स' म्हणजे साधे 'श्रीयुत'. लिथुआनियन लोकांचा राजा मात्र 'काराल्युस', म्हणजे पुन्हा कार्लच.

क्राल पुढे हंगेरियनमध्ये 'किराय' झाला आणि तुर्कीत 'क्रल'. इस्तंबूलचा सुलतान स्वतःला पादशहा म्हणवी आणि युरोपातल्या ख्रिस्ती राजांना क्रल. त्यात व्हिएन्नाचे हाब्सबुर्ग सम्राटही आले, त्यांना तो 'बेचचा क्रल' म्हणे. बेच म्हणजे व्हिएन्ना. हाब्सबुर्गांना हा कमीपणा वाटे. आपण सम्राट आहोत, नुसते राजे नव्हे, हा त्यांचा हट्ट. अखेर १६०६ मध्ये झिट्वातोरोकच्या तहात सुलतानानं त्यांना 'रोमचा चासार', म्हणजे सीझर, मानलं. ज्या क्रल शब्दाचा त्यांना एवढा राग, ते नाव होतं शार्लमेनचं, आणि आपली गादी शार्लमेनचीच, असं तर हे सम्राट स्वतः सांगत असत.