पुणे पदवीधर मतदारसंघ : यादीत नाव कसं नोंदवायचं

विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणजे पदवीधरच्या यादीतही असणारच, हा नेहमीचा गैरसमज. ही यादी वेगळी असते आणि दर निवडणुकीआधी पूर्ण नव्याने तयार होते. २०२० मध्ये मत दिलं असलं तरी पुढच्या निवडणुकीसाठी फॉर्म पुन्हा भरावाच लागतो.

ही निवडणूक विधान परिषदेची, म्हणजे राज्य विधिमंडळाच्या वरच्या सभागृहाची. तिथल्या ७८ जागांपैकी ७ आमदार पदवीधर निवडतात, ७ शिक्षक. सरकार पाडण्याचा अधिकार या सभागृहाला नाही आणि धन विधेयक (कर आणि सरकारी खर्चाचं विधेयक) ते १४ दिवसांपलीकडे अडवू शकत नाही. तरीही इथला आमदार मंत्री होऊ शकतो. चंद्रकांत पाटील याच पुणे पदवीधरचे आमदार असताना मंत्री झाले.

पात्रता : भारतीय नागरिक, पुणे, सातारा, सांगली, सोलापूर किंवा कोल्हापूर जिल्ह्यात नेहमीचं वास्तव्य, आणि १ नोव्हेंबर या अर्हता दिनांकाच्या (पात्रता मोजायची तारीख) किमान ३ वर्षं आधी पदवी. ही ३ वर्षं निकाल जाहीर झाल्यापासून मोजतात, पदवीदान समारंभापासून नाही. विद्यापीठ कुठलंही चालेल, भारतातलं हवं. नुसत्या डिप्लोमावर भागत नाही. तो पदवीशी समकक्ष ठरवलेला असावा लागतो.

फॉर्म १८ भरायचा (शिक्षक मतदारसंघासाठी १९, दोन्हींत बसत असाल तर दोन्ही भरा). सोबत फोटो, पत्त्याचा पुरावा आणि पदवी प्रमाणपत्राची किंवा गुणपत्रिकेची साक्षांकित प्रत. अर्ज अडतात ते बहुधा इथेच. साधी झेरॉक्स चालत नाही. मूळ कागदाशी ताडून राजपत्रित अधिकारी, पदनिर्देशित अधिकारी किंवा नोटरीने सही-शिक्का दिलेला हवा. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत जोडा, नाहीतर पदवीवरचं नाव आणि पत्त्यावरचं नाव जुळत नाही.

मतदार नोंदणी अधिकारी म्हणजे विभागीय आयुक्त. त्यांचं कार्यालय कॅम्पातल्या कौन्सिल हॉलमध्ये आहे, पण तिथवर जायची गरज नाही. अर्ज तहसील कार्यालयात किंवा नेमलेल्या केंद्रावर देता येतो. गठ्ठ्याने आलेले अर्ज घेत नाहीत. घरातल्या एकाने सगळ्यांचे दिले तर चालतात. पक्षाच्या कार्यकर्त्याने सोसायटीभरचे गोळा करून दिले तर नाही.

जाहीर सूचना साधारण १ ऑक्टोबरच्या सुमारास निघते, अर्जाची मुदत ६ नोव्हेंबरपर्यंत असते. नोव्हेंबरअखेर प्रारूप (कच्ची) यादी लागते, तेव्हा आपलं नाव शोधा. हरकती तेव्हापासून डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंतच घेतात. अंतिम यादीनंतरही उमेदवारी अर्जांच्या शेवटच्या दिवसापर्यंत नाव चढू शकतं, मात्र पडताळणीला दिवस लागतात, त्यामुळे तेवढ्यावर विसंबू नका.

मतदान कागदी मतपत्रिकेवर, पसंतीक्रमाने. केंद्रावर मिळणाऱ्या जांभळ्या स्केचपेननेच उमेदवारासमोर १, २, ३ असे आकडे लिहायचे. १ लिहिणं सक्तीचं, पुढचे ऐच्छिक. बरोबरची खूण केली, १ दोघांसमोर लिहिला किंवा सही ठोकली, की मत बाद.