एफईचे विषय आले कुठून?

दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात एक ओळखीचं दृश्य दिसतं. खांद्याला ड्रॉइंग शीटची नळकांडी, हातात मिनी ड्राफ्टर आणि पुस्तकांची यादी घेऊन इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची, म्हणजे एफईची, मुलं दुकानांसमोर उभी असतात. आठवड्याभरात त्यांच्या तोंडी एकच प्रश्न येतो: मी कॉम्प्युटरला प्रवेश घेतलाय, मग मला मेकॅनिक्स आणि वर्कशॉप कशासाठी? प्रश्न रास्त आहे. पण वर्गात त्याचं उत्तर बहुधा मिळत नाही, कारण ते अभ्यासक्रमाच्या पानावर छापलेलं नसून त्याच्या इतिहासात आहे.

पुण्यात या शिक्षणाची सुरुवात 1854 मध्ये झाली. मुंबई-ठाणे रेल्वे धावून जेमतेम वर्ष झालं होतं. रस्ते, कालवे, पूल, इमारती यांची कामं वाढत होती आणि त्यांवर देखरेख करणारी दुय्यम दर्जाची माणसं सरकारला हवी होती. त्यासाठी ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ निघालं. हेतू सरळ होता: ज्याला मोजणी करता येते, नकाशा वाचता आणि काढता येतो, हत्यार हाताळता येतं असा माणूस तयार करायचा. आजच्या पहिल्या वर्षातले ड्रॉइंग आणि वर्कशॉप हे या गरजेचेच वारस. मुलं ज्यांना सगळ्यात टाकाऊ समजतात, ते पुण्यातले सगळ्यात जुने विषय आहेत.

1865 मध्ये संगमाजवळच्या इमारतीची कोनशिला बसली आणि पुढच्या वर्षी संस्था मुंबई विद्यापीठाला जोडली गेली. पुढे ती कॉलेज ऑफ सायन्स म्हणून ओळखली गेली. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या इथूनच 1883 मध्ये स्थापत्यातले लायसेन्शिएट (तेव्हाचे पदवीधर) झाले. खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी बसवलेले स्वयंचलित दरवाजे म्हणजे पाण्याचा दाब आणि बलांचा समतोल यांचंच काम. एफईच्या मेकॅनिक्समध्ये हा समतोल ‘फ्री बॉडी डायग्राम’, म्हणजे वस्तूवरची सगळी बलं दाखवणारी आकृती, काढून शिकवतात, पण पुण्यात शिकवतानाही या धरणाचं उदाहरण क्वचितच ऐकू येतं, याची मला खंत वाटते. 1911 मध्ये संस्थेचं नाव कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग झालं. तेच आपलं सीओईपी.

‘आधी सगळ्यांना समान पाया, मग शाखा’ ही कल्पना मात्र पुण्याच्या किंवा इंग्रजांच्याही आधीची, फ्रान्समधली. 1794 मध्ये पॅरिसला स्थापन झालेल्या एकोल पॉलिटेक्निकमध्ये विद्यार्थी आधी गणित, भौतिकी, रसायन आणि भूमिती शिकत. मग कुणी पूल-रस्त्यांच्या शाळेत जाई, कुणी खाणींच्या, तर कुणी तोफखान्याच्या. तिथे गास्पार मोंझ शिकवत असे. तरुणपणी मेझिएरच्या लष्करी शाळेत किल्ल्याच्या तटबंदीचा एक प्रश्न त्याने लांबलचक आकडेमोड टाळून नुसत्या रेखाटनाने सोडवला. ही रीत इतकी उपयोगी ठरली की लष्कराने ती बरीच वर्षं गुपित ठेवली. एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन प्रतलांवर वस्तूची प्रक्षेपणं घ्यायची आणि एक प्रतल उलगडून दोन्ही आकृत्या एकाच कागदावर आणायच्या, ही ती रीत. आज फर्स्ट अँगल पद्धतीत एलेव्हेशन (समोरून दिसणारं रूप) वर आणि प्लॅन (वरून दिसणारं रूप) खाली काढणारा प्रत्येक एफईचा विद्यार्थी मोंझचंच काम करत असतो.

म्हणूनच जीटीचं वाईट वाटतं. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग: काचेखाली दिवा, काचेवर मित्राची शीट, तिच्यावर आपली कोरी शीट. हॉस्टेलवर सबमिशनच्या आदल्या रात्री हे सर्रास चालतं. रेघा तंतोतंत उतरतात. पण कललेला शंकू डोक्यात फिरवून पाहण्यासाठीच तर तो विषय असतो, आणि नेमकं तेवढंच काचेवर होत नाही.

वर्कशॉपचंही तसंच. फिटिंगच्या जॉबमध्ये लोखंडी पट्टी व्हाइसमध्ये आवळून कानशीने घासायची, गुण्या लावून उजेडाकडे धरायची आणि फटीतून प्रकाश दिसला तर पुन्हा घासायची. सपाट पृष्ठभाग किती कष्टाने सपाट होतो आणि टॉलरन्स (मापात चालू शकणारा फरक) म्हणजे काय, हे मनगटाला कळतं. हे कळणं सॉफ्टवेअरवाल्यालाही उपयोगाचं आहे असं माझं ठाम मत आहे.

स्वातंत्र्यानंतरचे बदल जास्त प्रशासकीय आहेत. 1949 मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झालं. पूर्वी मुलं इंटर सायन्स (मॅट्रिकनंतरची कॉलेजची दोन वर्षं) करून इंजिनिअरिंगला येत. दहावी-बारावीची रचना आल्यावर तो टप्पा शाळेच्या बाजूला गेला. पहिल्या वर्षातलं फिजिक्स-केमिस्ट्री बारावीची उजळणी वाटतं, त्यामागे हाही एक धागा आहे. 1983 मध्ये राज्याने विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी दिली आणि पुण्यात एमआयटी, व्हीआयटी, पीआयसीटी उभी राहिली. संख्या वाढली तशी सगळ्यांची एक परीक्षा, ठरलेले प्रश्न आणि परीक्षेपुरती पुस्तकं आली. एम-वन, म्हणजे गणिताचा पहिला पेपर, ‘निघतो का’ हा प्रश्न तो ‘कळतो का’ यापेक्षा मोठा झाला, तो याच काळात.

त्यापुढचा इतिहास विद्यार्थी पॅटर्नच्या, म्हणजे विद्यापीठाने बदललेल्या अभ्यासक्रमाच्या, सालांनी सांगतात: 2012, 2015, 2019, 2024. यांतल्या 2019 च्या पॅटर्नमध्ये पायथनवर आधारलेलं प्रोग्रॅमिंग सगळ्या शाखांना आलं, प्रोजेक्ट करत शिकण्याचं ‘प्रोजेक्ट बेस्ड लर्निंग’ही आलं. त्याआधी, 2018 मध्ये तंत्रशिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेने, एआयसीटीईने, आदर्श अभ्यासक्रम आणून पदवीचा भार 160 क्रेडिटवर आणला आणि सुरुवातीला तीन आठवड्यांचा इंडक्शन (नव्या मुलांची ओळख करून देणारा) कार्यक्रम सुचवला. विषयांचा इतिहास सांगायला याहून चांगली वेळ नाही.

2021 पासून प्रादेशिक भाषांत इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी मिळाली. पिंपरी-चिंचवडमध्ये कॉम्प्युटर शाखेसाठी मराठीतून वर्ग सुरू झाला, पहिल्या वर्षाची पुस्तकं मराठीत आली. एकोणिसाव्या शतकात पुण्यातल्या मुलांना बलांचा समांतरभुज चौकोन इंग्रजीतून समजून घ्यावा लागला. आता मराठी पुस्तकात तो आहे, आणि त्यावर मराठीत शंका विचारणारी मुलं वर्गात आहेत.