विलाप आणि कुरकुर: बोल तेच, पण तोंड कुणाकडे?

पूर ओसरल्यानंतरच्या पहिल्याच घरगुती प्रार्थनासभेत माझी आत्या बोलायला उभी राहिली. २०१९ चा ऑगस्ट होता. पंचगंगेच्या अंगाला असलेल्या तिच्या घरात छातीएवढं पाणी शिरलं होतं. ते उतरलं तेव्हा मागे राहिला वीतभर चिखल, फुगून दार न लागणारं लाकडी कपाट आणि भिजून कुजलेल्या ज्वारीचा वास. आत्यानं डोळे मिटले आणि म्हणाली, "देवा, तू कुठं होतास? चाळीस वर्षं तुझं नाव घेतलं मी. माझ्या घरात पाणी शिरताना तुला दिसलं न्हाई?"

पुढचं तिला बोलता आलं नाही. कुणीतरी मायेनंच तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालं, "बाई, कुरकुर करू नये. सर्व स्थितीत उपकारस्तुती करावी." लगेच एक आनंदाचं गीत सुरू झालं. आत्या खाली बसली. मी शेजारीच होतो आणि मीही ते गीत म्हटलं.

ती कुरकुर नव्हती, हे कळायला मला बरेच महिने लागले. तो विलाप होता. या दोन गोष्टी इतक्या सारख्या दिसतात की चांगले, प्रार्थनाशील लोकही एकीला दुसरीच्या नावानं हाक मारतात आणि रडणाऱ्याचं तोंड बंद करतात. म्हणून दोन्ही शेजारी ठेवून नीट बघायला हव्यात.

सारखेपणा खराच आहे. दोन्हींत तक्रार असते, कडवटपणा असतो, डोळ्यांत पाणी असतं. पण पवित्र शास्त्र एकीला कडक शब्दांत दटावतं आणि दुसरीसाठी अख्खं पुस्तक बाजूला ठेवतं. फिलिप्पै शहरातल्या मंडळीला पत्र लिहिताना प्रेषित पौल सांगतो, "जे काही तुम्ही कराल ते कुरकुर व वादविवाद न करता करा." आणि त्याच शास्त्रात 'विलापगीत' नावाचं पुस्तक आहे. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्यानं यरुशलेम जाळलं, त्या राखेत बसून रचलेल्या पाच कविता. त्यातल्या पहिल्या चार हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांच्या क्रमानं बांधल्या आहेत. म्हणजे आपल्याकडे कुणी क पासून ज्ञ पर्यंत एकेका अक्षराला एकेक कडवं देऊन रडावं, तसं. १५० स्तोत्रांपैकीही साधारण एक तृतीयांश स्तोत्रं विलापाचीच आहेत. देवाला तक्रार नकोच असती, तर मंडळीनं वापरायच्या या गीतसंग्रहात तिला एवढी जागा मिळाली नसती.

मग फरक कशात आहे? मला तो सर्वांत स्पष्ट दिसला शास्त्रातल्या 'गणना' या पुस्तकाच्या ११ व्या अध्यायात. तो अध्याय एकदा सलग वाचावा, कारण त्यात दोन्ही गोष्टी एकाच पानावर, एकाच रानात, एकाच दिवशी घडतात.

मिसरातल्या, म्हणजे इजिप्तमधल्या, गुलामीतून सुटून रानात आलेले इस्राएल लोक मान्ना, म्हणजे देवानं रोज दिलेलं अन्न, खाऊन कंटाळलेत. त्यांना मिसरातलं जेवण आठवतं: मासे, काकड्या, खरबुजं, पात, कांदे, लसूण. कांदा-लसणाशिवाय ज्याचा घास उतरत नाही अशा कोल्हापूरच्या माणसाला ही यादी चटकन कळेल. रोज तेच ते खाऊन जीव विटतो, यात काही पाप नाही. पण त्या वाक्यातला एक शब्द बघा. ते म्हणतात, मासे आम्ही फुकट खात होतो. फुकट! ज्या देशात त्यांच्या पाठीवर चाबूक पडत होता आणि मुलगे जन्मले की नदीत फेकले जात होते, तिथलं जेवण आता फुकटचं झालं. कुरकुर अशी मागचा काळ नव्यानं रंगवते. आणि हे चाललंय कुठं, तर प्रत्येक जण आपापल्या डेऱ्याच्या दाराशी बसून रडतोय. पुढे 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात त्यांचा पुढारी मोशे जुन्या दिवसांची आठवण काढतो, तेव्हा दुसऱ्या एका प्रसंगाविषयीही हेच सांगतो, की तुम्ही आपापल्या डेऱ्यांत कुरकुर केलीत. स्तोत्र १०६ मध्येही तोच डेरा आहे. दर्शनमंडप, म्हणजे देवाला भेटायचा तंबू, छावणीच्या इतक्या जवळ असताना तिथं जाऊन कुणी बोललं नाही.

आता त्याच अध्यायात मोशेकडे वळा. तोही वैतागलाय, आणि त्याचे शब्द लोकांच्या शब्दांपेक्षा कितीतरी जहाल आहेत. तो देवाला म्हणतो, तू माझ्याशी असा का वागलास? या सगळ्या लोकांना मी पोटात वाढवलं काय? दाई तान्ह्या बाळाला घेते तसं यांना उराशी धरून चाल, असं तू मला का सांगतोस? यांना घालायला मांस मी आणू कुठून? आणि शेवटी म्हणतो, असंच करायचं असेल तर मला एकदाचा मारून टाक. लोक फक्त कांद्याची आठवण काढत होते, मोशे मरण मागत होता. दोघांचे शब्द तराजूत घातले तर मोशेचंच पारडं खाली जाईल.

तरीही देव त्याला दटावत नाही. त्याचा भार वाटून घ्यायला ७० वडील नेमायला सांगतो. उलट लोकांना मांस मिळतं, लावे पक्षी ढिगानं येतात, पण त्याबरोबर मरीही येते आणि त्या जागेला किब्रोथ-हत्तव्वा, म्हणजे हव्यासाच्या कबरी, असं नाव पडतं. तर शब्दांची धार, रडण्याचा आवाज, कडवटपणाचं माप यावरून काही ठरत नाही. लोक देवाविषयी बोलले, आपसात. मोशे देवाशी बोलला, तोंडावर.

याचा दुसरा दाखला योहानाच्या शुभवर्तमानाच्या ११ व्या अध्यायात आहे. योगायोगानं तोही अकरावाच. मार्था आणि मरीया या बहिणींचा भाऊ लाजर मेला, चार दिवस झाले आणि येशू उशिरा पोचला. मार्था वाटेतच गाठून म्हणते, प्रभुजी, तुम्ही इथं असता तर माझा भाऊ मेला नसता. मग मरीया येते आणि पाया पडून तेच वाक्य बोलते. बहिणी चार दिवस हेच एकमेकींना म्हणत असणार. मार्थेला येशू पुनरुत्थानाविषयी सांगतो आणि मरीयेचं रडणं पाहून स्वतःच रडतो. कुणालाच तो "असं बोलू नये" म्हणत नाही.

एवढंच वाचून आपण थांबतो. जरा खाली ३७ वं वचन बघा. जमलेल्यांपैकी काही जण म्हणतात, ज्यानं आंधळ्याचे डोळे उघडले त्याला याचं मरण टाळता आलं नसतं काय? मुद्दा तोच, बहिणींचाच. पण त्या 'तुम्ही' म्हणाल्या आणि हे 'तो' म्हणतात. बहिणींचं वाक्य येशूच्या पायाशी पडलं. यांचं वाक्य एकमेकांच्या कानात राहिलं.

माझ्यापुरती कसोटी यातूनच निघाली. मी देवाला 'तू' म्हणतोय की 'तो'? रोज सकाळी वचन वाचून वहीत दोन ओळी लिहायची मला सवय आहे. पुरानंतरची जुनी पानं चाळली तर दिसतं, की त्या काळात मी देवाविषयी भरपूर लिहिलं होतं. देव असं का होऊ देतो, देवाची योजना काय असेल, देव आपली परीक्षा बघतोय का. सगळं तृतीय पुरुषात. ऐकायला भक्तिभावाचं, पण तीन आठवड्यांत एकदाही 'तू' नाही. कुरकुर दर वेळी चिडक्या आवाजातच येते असं नाही, कधी ती मननाचे कपडे घालूनही येते.

एक खूण आणखी आहे. विलाप उत्तराची वाट बघतो, म्हणून तो वारंवार प्रश्न विचारतो. दाविदाच्या नावावरचं स्तोत्र १३ फक्त सहा वचनांचं आहे आणि त्याच्या पहिल्या दोन वचनांत 'कोठवर' हा प्रश्न चार वेळा येतो. कोठवर विसरणार, कोठवर तोंड लपवणार? पुराच्या दिवसांत कोल्हापुरात अख्खं शहर असाच एक प्रश्न विचारत असतं: पाणी किती फुटांवर? राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फूट झालं की इशारा, ४३ झालं की धोका. रात्री दोन वाजता उठून लोक मोबाइलवर आकडा बघतात, पुन्हा तासानं बघतात. उत्तराशिवाय राहवतच नाही, कारण त्यावर सामान माळ्यावर चढवायचं की घर सोडायचं हे ठरणार असतं. दाविदाचं 'कोठवर' तशा जिवाचं आहे. कुरकुर करणाऱ्याला मात्र उत्तर नकोच असतं, त्याचा निकाल आधीच लागलेला असतो.

पण विलापाचा शेवट गोडच व्हायला हवा, असा गैरसमजही करून घेऊ नका. १३ वं स्तोत्र शेवटी गाण्याकडे वळतं, हे खरं. ८८ वं वळत नाही. ते दुःखात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, शेवटचा शब्दच अंधाराचा आहे. त्यात आशेचा एकच धागा आहे आणि तो पहिल्याच ओळीत येतो: माझ्या तारणाऱ्या देवा, अशी हाक. ती हाक मारून झाल्यावर बाकी सगळा काळोख. तरीही ते स्तोत्र पवित्र शास्त्रात आहे, कुणी त्याला शेवटचं एक आनंदाचं कडवं जोडलं नाही. आम्ही आत्याला मात्र तिचं स्तोत्र संपवूसुद्धा दिलं नाही आणि आमचं कडवं जोडून टाकलं.

उपकारस्तुतीचं ते वचन पौलाचंच आहे, आणि खरं आहे. पण त्याच पौलानं करिंथकरांना मोकळेपणानं कळवलं, की आसिया प्रांतात आमच्यावर असा भार आला की जगण्याचीसुद्धा आशा उरली नव्हती. रोमकरांना तो लिहितो, "शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा." त्यांना गीत म्हणायला लावा, असं तो कुठंही म्हणत नाही. आणि खुद्द येशूनं वधस्तंभावर २२ व्या स्तोत्राचे शब्द उच्चारले: "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" त्या सभेत हे वाक्य कुणी बोललं असतं, तर त्यालाही खाली बसवलं असतं का, हा प्रश्न मला अजून छळतो.

अन्यायाविरुद्ध आवाज उठवणं ही तिसरीच गोष्ट आहे. तिलाही आपल्या मंडळ्यांत सर्रास कुरकुर म्हणतात, म्हणून थोडं सांगतो. पंचनाम्यात घराचं नुकसान कमी दाखवलं गेलं म्हणून आत्यानं अर्ज केला, हेलपाटे घातले, तेव्हाही तिला समाधानी राहायचा सल्ला मिळाला. प्रेषितांच्या कृत्यांचा ६ वा अध्याय बघा. रोजच्या वाटपात आपल्या विधवांकडे दुर्लक्ष होतं, अशी ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांची कुरकुर सुरू झाली. मूळ ग्रीकमध्ये फिलिप्पैच्या पत्रातलाच शब्द आहे, गोंगुस्मोस. पण प्रेषितांनी कुणाला दटावलं नाही. सभा बोलावली, सात जण नेमले आणि वाटप नीट लावलं. तक्रार खरी असेल तर आधी ती दूर करायची, शब्दाची चर्चा मग.

मराठी माणसाला खरं तर हे शिकवायची गरज पडू नये. आपल्या बायकांनी जात्यावर बसून ओव्यांत सासरची दुःखं सांगितली, जनाबाईनं विठ्ठलाला तोंडावर बोल लावले, तुकोबा त्याच्याशी भांडले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं नारायण वामन टिळक म्हणत. ज्याच्यावर हक्क आहे त्याच्याशीच भांडायचं, ही रीत त्या पुलावरूनच आपल्याबरोबर आलेली आहे. आणि आपल्या भाषेत त्यासाठी नेमका शब्दही आहे: गाऱ्हाणं. गाऱ्हाणं हवेत होत नाही, ते कुणापुढं तरी मांडावं लागतं.

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आलं. या वेळी आत्या दोन दिवस आधीच आमच्याकडे आली, येताना पहिल्या पुरात भिजलेलं शास्त्र घेऊन. त्याची पानं उन्हात वाळवलेली, पापडासारखी वाजणारी, कडेनं चिखलाची तपकिरी रेघ. पहाटे पाचला मी उठलो तेव्हा ती खिडकीशी बसली होती आणि अंधारातच बोलत होती, शेजारी कुणी बसलंय अशा आवाजात. "बघतोयस न्हवं? परत आलंय पाणी. मागल्या खेपेला इचारलं त्याचं उत्तर अजून दिलेलं न्हाईस तू. मी काय हितनं उठत न्हाई."

मी चहा ठेवला आणि तिच्याजवळ जाऊन बसलो. या वेळी मी काही म्हटलं नाही.