विकिपीडिया समुदाय

विकिपीडिया या मुक्त ज्ञानकोशाचे लेखन, तपासणी व नियमन करणाऱ्या स्वयंसेवकांचा समूह. प्रत्येक भाषेतील समुदाय बव्हंशी स्वायत्त असतो. विकिमीडिया प्रतिष्ठान (स्थापना २० जून २००३) सर्व्हर व निधी सांभाळते. लेखांत काय असावे हे सामान्यतः सदस्यच ठरवतात.

कोणालाही पान बदलता येईल अशी पहिली विकी वॉर्ड कनिंगहॅम यांनी २५ मार्च १९९५ रोजी खुली केली. ती पद्धत ज्ञानकोशाला लावण्याची कल्पना प्रथम कोणाची, हे वादग्रस्त आहे. जिमी वेल्स यांच्या बॉमिस कंपनीचा न्यूपीडिया हा कोश मार्च २००० पासून चालू होता, पण सात टप्प्यांच्या छाननीमुळे त्यात फार थोडे लेख पूर्ण झाले. न्यूपीडियाचे मुख्य संपादक लॅरी सँगर यांच्या मते त्यांना विकीची ओळख २ जानेवारी २००१ रोजी संगणक प्रोग्रामर बेन कोव्हिट्झ यांनी करून दिली. वेल्स यांनी मात्र बॉमिसमधील जेरेमी रोझेनफेल्ड यांचा उल्लेख केला असून तो प्रसंग बहुधा डिसेंबर २००० मधला असावा. दोन्ही घटना घडल्या असणे शक्य आहे. तथापि १० जानेवारी रोजी न्यूपीडियाच्या सदस्यांपुढे प्रस्ताव सँगर यांनीच मांडला, त्यामुळे त्यांचा वृत्तान्त घटनाक्रमाशी अधिक जुळतो. १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया स्वतंत्रपणे सुरू झाला.

समुदायाच्या जडणघडणीत या वादापेक्षा २००२ सालची फूट अधिक निर्णायक मानावी लागते. जाहिराती येण्याची शक्यता बोलून दाखवली जाताच स्पॅनिश विकिपीडियाचे बरेच सदस्य बाहेर पडले आणि सेव्हिल विद्यापीठाच्या सर्व्हरवर त्यांनी ‘एन्सिक्लोपेदिया लिब्रे’ उभारला. मजकूर कोणालाही पुन्हा वापरू देणाऱ्या मुक्त परवान्यामुळे तो सोबत नेणे त्यांना शक्य झाले. विकिपीडिया पुढे जाहिरातमुक्तच राहिला. त्यात या फुटीचा वाटा किती, याविषयी मतभेद आहेत. पण बिनमोबदला लिहिणाऱ्यांना गृहीत धरता येत नाही, हे तेव्हाच दिसून आले.

इंग्रजी विकिपीडियावरील सक्रिय सदस्यसंख्या २००७ च्या सुमारास शिखरावर पोहोचून घटू लागली. एरन हाफेकर व सहकाऱ्यांच्या २०१३ सालच्या अभ्यासाने याचा संबंध नवख्यांच्या वागणुकीशी न जोडता त्यांना मिळणाऱ्या वागणुकीशी जोडला. उत्पात, म्हणजे लेखांची मुद्दाम केलेली नासधूस, रोखण्यासाठी आलेली अर्धस्वयंचलित साधने चांगल्या हेतूने केलेली संपादनेही झटपट उलटवत होती, आणि पहिलेच लेखन पुसले गेलेला माणूस सहसा परतत नसे. २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘टीहाऊस’मध्ये जुने सदस्य नवख्यांच्या शंकांना आपुलकीने उत्तरे देतात. तेथे निमंत्रण मिळालेले सदस्य काहीसे अधिक टिकल्याचे पुढे आढळले. फरक माफक असला तरी मोलाचा आहे.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. चर्चा चावडीवर, निर्णय कौलाने, सराव धूळपाटीवर आणि यांत्रिक दुरुस्त्या सांगकाम्यांकरवी (म्हणजे स्वयंचलित आज्ञावलींकरवी), अशी त्याची घडी आहे. मराठी भाषा पंधरवड्यात व ८ मार्चच्या निमित्ताने संपादन कार्यशाळा होतात. त्यांत खाते उघडणाऱ्यांपैकी पुढे लिहिते राहणारे मोजकेच असतात. भारतीय भाषांतील विकिपीडिया सदस्यांची पहिली राष्ट्रीय परिषद नोव्हेंबर २०११ मध्ये मुंबई विद्यापीठात भरली होती.