अन्न सुकवण्याची गणिती प्रारूपे

ओला खाद्यपदार्थ गरम हवेत ठेवला की उष्णता त्याच्यात शिरते आणि पाणी बाहेर पडते. उलट दिशांनी चालणाऱ्या या दोन प्रवाहांची समीकरणांत केलेली मांडणी म्हणजे अन्न सुकवण्याचे गणिती प्रारूप. पदार्थ किती वेळात सुकेल, त्याच्या गाभ्याचे तापमान कुठवर चढेल, बाहेरचा थर कडक होऊन आतला ओलावा कधी कोंडला जाईल, हे ड्रायर चालवून पाहण्याआधीच सांगता यावे, यासाठी हा खटाटोप.

हे दोन प्रवाह एकमेकांपासून सुटे करता येत नाहीत. ६० °से. तापमानाला एक किलोग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,३६० किलोजूल उष्णता लागते. हवेकडून येणारी बहुतेक उष्णता सुरुवातीला यातच खर्ची पडते, म्हणून ओलाचिंब पदार्थ ६० अंशांच्या हवेतही थंड राहतो. त्या हवेची सापेक्ष आर्द्रता १०% असेल, तर ओल्या पृष्ठभागाचे तापमान ३० अंशांच्या आसपास स्थिरावते. ओल्या फुग्याचा तापमापक, म्हणजे फुग्याभोवती ओले कापड गुंडाळलेला तापमापक, दाखवतो तेच हे तापमान. आतून पाणी पुरत असेपर्यंत सुकण्याचा वेग स्थिर असतो. पुरवठा तोकडा पडला की वेग घटतो आणि पदार्थ तापू लागतो. फळा-भाज्यांत स्थिर वेगाचा टप्पा अनेकदा इतका अल्प असतो की मोजमापांत तो सापडतही नाही. त्यामुळे या प्रारूपांचा खरा विषय म्हणजे घटत्या वेगाचा टप्पा.

पायाभूत नियम एकोणिसाव्या शतकातले आहेत: उष्णतेच्या वहनासाठी फूरिये यांचा (१८२२) आणि विसरणासाठी, म्हणजे दाट भागाकडून विरळ भागाकडे आपोआप पसरण्यासाठी, फिक यांचा (१८५५). दोन्हींतून निघणाऱ्या विकलक समीकरणांचा साचा एकच. फरक असतो तो गुणांकांत, आणि तो प्रचंड असतो. पाणीदार अन्नात उष्णतेचा विसरण गुणांक, म्हणजे ती किती झपाट्याने पसरते याचे माप, सेकंदाला साधारण ०.१४ चौ. मिमी. असतो. ओलाव्याचा बहुधा ०.००००१ ते ०.००१ चौ. मिमी. यांच्या दरम्यान राहतो. दोन्ही बाजूंनी सुकणारी १ सेंमी. जाडीची चकती घेऊ. अर्ध्या जाडीच्या वर्गाला गुणांकाने भागले की प्रवाहाला लागणाऱ्या काळाचा अंदाज येतो. उष्णतेसाठी हा काळ तीन मिनिटे निघतो. ओलाव्याचा गुणांक ०.०००१ धरला, तर जवळजवळ सत्तर तास! म्हणूनच बरीच प्रारूपे पातळ कापाचे तापमान सर्वत्र सारखे मानतात आणि सगळे कष्ट ओलाव्याच्या समीकरणावर घेतात. जाडी निम्मी केली की वेळ चौथ्या हिश्शावर येतो, हेही त्याच वर्गामुळे. अर्थात सुकण्याचा वेग आतल्या विसरणावरच अवलंबून असेल तर.

सीमेवरच्या, म्हणजे पदार्थ आणि हवा जिथे भेटतात तिथल्या, अटी वेगळ्या लिहाव्या लागतात. पृष्ठभागाकडे येणारी उष्णता हवेचा वेग आणि तापमानातील फरक यांवरून ठरते. तिच्यातून बाष्पीभवनाचा खर्च वजा जातो. पदार्थ शेवटी किती कोरडा होऊ शकेल, हे त्याच्या आणि हवेच्या समतोलावर अवलंबून असते. तो समतोल दाखवण्यासाठी गुगेनहाइम, अँडरसन व दे बूर यांच्या नावाने ओळखले जाणारे समीकरण अन्नासाठी सर्रास वापरतात.

याहून सोपी वाट म्हणजे पातळ थराची समीकरणे. १९२१ मध्ये लुईस यांनी मांडलेल्या कल्पनेनुसार सुकण्याचा वेग उरलेल्या काढता येण्याजोग्या ओलाव्याच्या प्रमाणात असतो. त्यातून घातीय घट मिळते, म्हणजे ओलावा आधी भराभर आणि मग अधिकाधिक सावकाश कमी होतो. पेज यांनी १९४९ मध्ये मक्याच्या दाण्यांवर काम करताना त्यात काळाला एक घातांक जोडला. हेंडरसन व पॅबिस यांचे १९६१ चे समीकरण म्हणजे विसरणाच्या समीकरणाचे उत्तर ज्या अनंत श्रेणीत मिळते, तिचे पहिले पद होय. पुढे अशा समीकरणांचे पीक आले. एकाच प्रयोगाच्या आकड्यांवर दहा-बारा समीकरणे बसवून पाहायची आणि सर्वांत जुळणारे निवडायचे, अशी रीतच पडली. ड्रायरच्या नियंत्रणासाठी ते पुरेसे असते, पण त्याला आकलन म्हणणे धाडसाचे ठरेल. चार मुक्त स्थिरांक असलेली वक्ररेषा जवळपास कशावरही बसते. जाडी किंवा हवेचा वेग बदलला की तिचे स्थिरांक निरुपयोगी होतात.

विसरण गुणांकालाही हा आक्षेप काही अंशी लागू होतो. पाणी पेशीभित्तींतून झिरपते, केशिकांतून ओढले जाते आणि छिद्रांतून वाफेच्या रूपातही सरकते. हे सगळे ‘परिणामी’ गुणांक या एका आकड्यात कोंबले जाते. तापमानानुसार तो आऱ्हेनियस यांच्या नियमाप्रमाणे, म्हणजे घातीय रीतीने, वाढतो असे धरतात. ओलावा कमी होताना तो बदलतो, याकडे मात्र सोयीने काणाडोळा केला जातो. त्याहून सखोल मांडण्याही आहेत. पदार्थात ठिकठिकाणच्या तापमानांतील फरकामुळेही ओलावा सरकतो, हे लिकोव यांच्या समीकरणांत धरलेले आहे. फिलिप व दे व्हरीस यांनी १९५७ मध्ये सच्छिद्र मातीसाठी द्रव आणि वाफ यांचे प्रवाह वेगळे मांडले. व्हिटेकर यांनी १९७७ मध्ये घन, द्रव व वायू या तिन्ही अवस्थांची समीकरणे छिद्रांच्या पातळीवरून सरासरी काढून मिळवली. या सखोल मांडण्यांची किंमत मोजावी लागते ती मोजायला अवघड अशा गुणधर्मांच्या रूपात.

आकुंचन हा अन्नाचा खास त्रास. पाणी जाते तसे आकारमान घटते, त्यामुळे गणिताची सीमाच सरकत राहते. आकुंचन न धरता काढलेला विसरण गुणांक सहसा खऱ्यापेक्षा मोठा निघतो, कारण आपण चकती शेवटपर्यंत पहिल्याइतकीच जाड समजत असतो. फायनाइट एलिमेंट पद्धतीत पदार्थ लहान तुकड्यांच्या जाळ्यात विभागून गणित करतात; तिथे ते जाळेच पदार्थाबरोबर आक्रसू देऊन यावर तोडगा काढतात. मायक्रोवेव्हसाठी उष्णतेच्या समीकरणात अंतर्गत स्रोताचे पद येते, तर गोठवून सुकवताना मागे सरकत जाणारी बर्फाची सीमा येते.

पडताळणीत बहुतेक वेळा फक्त वजनाची घट मोजली जाते. ती पदार्थातील एकूण ओलावा सांगते. तो आत कुठे आहे, हे नाही. म्हणून अगदी वेगळी गृहीतके असलेली दोन प्रारूपे वजनाच्या आलेखावर सारखीच बरोबर दिसू शकतात. त्यांच्यातला फरक गाभ्यात थर्मोकपल (तापमान मोजणारा तारांचा संवेदक) बसवला, किंवा चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमेने ओलाव्याची आतली वाटणी पाहिली, तर कळतो.