अकरा छेद चार की पावणेतीन?

११/४ वाचताना आपण ‘अकरा छेद चार’ म्हणतो, आणि २ ३/४ ला ‘दोन पूर्णांक तीन छेद चार’. बोलताना दोन्ही बाजूला राहतात आणि तोंडी येतं ‘पावणेतीन’. (गंमत म्हणजे लिहिताना आपण दोनात पाऊण मिळवतो, बोलताना तिनातून पाव काढतो.) संख्या एकच, रूपं दोन: पहिलं अंशाधिक, म्हणजे अंश छेदापेक्षा मोठा, दुसरं पूर्णांकयुक्त.

अंशाधिकाचं पूर्णांकयुक्त करायचं तर सरळ भागाकार. ११ ला ४ ने भागलं, भाग २ गेला, बाकी ३. भागाकार पुढे, बाकी अंशात, छेद तसाच. १२/४ मध्ये बाकीच उरत नाही, उत्तर नुसतं ३.

उलट जाताना २ × ४ + ३ = ११. ही कृती पाठ असते, पण चारनेच का गुणायचं हे विचारलं की बरेच जण अडखळतात. एका पूर्णात चार चतुर्थांश, दोन पूर्णांत आठ, त्यांत आधीचे तीन मिळवले की अकरा चतुर्थांश झाले. तुकड्यांचा आकार बदललेला नाही, म्हणून छेदही बदलत नाही.

मग वापरायचं कोणतं? संख्या केवढी हे पूर्णांकयुक्त चटकन सांगतं. ४७/६ मोठा की ६१/८, हे बघून कळत नाही. ७ ५/६ आणि ७ ५/८ लिहिलं की लगेच कळतं, कारण सहावा तुकडा आठव्यापेक्षा मोठा. बेरीजही या रूपात चालून जाते. गुणाकारात मात्र ते हमखास फसवतं. २ १/२ × ३ १/३ चं उत्तर अनेक जण ६ १/६ काढतात: पूर्णांकाला पूर्णांक, अपूर्णांकाला अपूर्णांक. खरं उत्तर ५/२ × १०/३ = २५/३, म्हणजे ८ १/३. २ × १/३ आणि ३ × १/२ हे दोन तिरपे गुणाकार मधल्यामध्ये गळाले.

चूक होते, कारण २ १/२ मध्ये अधिकचं चिन्ह लपलेलं असतं. बीजगणितात २क म्हणजे गुणाकार, इथे शेजारी लिहिणं म्हणजे बेरीज. माझ्या मते या लिखाणातली हीच खरी खोट. ऋण संख्येत ती आणखी नडते: −२ १/३ म्हणजे −(२ + १/३), म्हणून −७/३. वजाचं चिन्ह फक्त दोनाचं समजून −६ + १ केलं, की −५/३ हाती येतं.