1962 चा संघ की आजचा? जुन्या वादाची पार्श्वभूमी

14 ऑक्टोबर 2025 ला मडगावच्या फातोर्डा मैदानावर फुटबॉलमध्ये सिंगापूरनं भारताला 2-1 असं हरवलं आणि 2027 च्या आशिया चषकाची आपली वाट बंद झाली. लल्लियांझुआला छांगतेनं सुरुवातीलाच गोल करून आघाडी दिली होती. मध्यंतराच्या तोंडावर बरोबरी झाली आणि उत्तरार्धात सामना हातचा गेला. बेळगावकरांना मडगाव म्हणजे घाट उतरला की आलंच, त्यामुळं हा पराभव इथं जास्तच झोंबला. लेले मैदानाच्या कडेला चहाच्या गाड्यावर जुना वाद पुन्हा निघाला. चुनी गोस्वामी, पीके बॅनर्जी, तुलसीदास बलराम यांचा, आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलेला 1962 चा भारतीय संघ आज असता तर? वयानं मोठे असलेले ही तीन नावं घेतात. पोरं म्हणतात, "त्या वेळी स्पर्धेत आठच संघ होते की ओ काका."

पोरांचं चूक नाही. जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत फुटबॉलचे आठच संघ होते. पण तिथं काय घडलं होतं ते नीट सांगायला हवं, कारण आता ते नुसतं "सुवर्णपदक" एवढ्यावरच उरलं आहे. पहिलाच सामना भारत दक्षिण कोरियाकडून 2-0 नं हरला. पुढं थायलंडला 4-1 आणि जपानला 2-0 नं नमवलं. थायलंडविरुद्ध जर्नेलसिंगचं कपाळ फुटलं. तो बचावफळीचा कणा. टाके घातलेल्या डोक्यानं मागं उभं राहून उंच चेंडू परतवणं अवघड होतं, म्हणून प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्याला चक्क आघाडीला खेळवलं. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध त्यानं गोल केला आणि भारत 3-2 नं जिंकला.

4 सप्टेंबरला अंतिम सामन्यात समोर पुन्हा कोरिया. इस्रायल आणि तैवानला स्पर्धेबाहेर ठेवल्याबद्दल जी. डी. सोंधी या भारतीय पदाधिकाऱ्यानं जाहीर नापसंती दाखवली होती, त्यामुळं जकार्तात भारताविरुद्ध संताप उसळला होता. गच्च भरलेलं स्टेडियम आपल्या खेळाडूंची हुर्यो उडवत होतं. त्या गदारोळात पहिल्या वीस मिनिटांत पीके बॅनर्जी आणि जर्नेल यांनी एकेक गोल केला. आजारातून उठलेला पीटर थंगराज गोलमध्ये उभा होता. कोरियाला शेवटी शेवटी एकच गोल करता आला. रहीमसाहेबांना तेव्हाच कर्करोगानं ग्रासलं होतं. पुढच्या जूनमध्ये ते गेले. त्यांच्यानंतर आशियाई स्पर्धेतलं फुटबॉलचं सुवर्ण भारताकडं पुन्हा आलेलं नाही.

आता खरा मुद्दा. अकरा विरुद्ध अकरा अशी तुलना करून हाती काही लागत नाही. त्या अकरांच्या खाली काय होतं, ते बघायला हवं.

रहीम पेशानं शिक्षक. त्यांच्या हैदराबाद पोलीस संघानं 1950 ते 1954 सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. पोलिसांत भरती झालेला पोरगा पगार घेऊन रोज खेळत होता. पीके पूर्व रेल्वेचा, आणि त्या संघानं 1958 मध्ये कोलकात्याची लीग जिंकून बड्या क्लबांना मागं टाकलं होतं. थंगराज लष्करातून वर आला. फोर्च्युनाटो फ्रँको हा गोव्याचा, मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळणारा. गोवा मुक्त होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. पोलीस, रेल्वे, लष्कर, कंपन्या आणि त्यांच्या वर कोलकात्याचे मोठे क्लब, अशी ती चढण होती. पायात खेळ असला की घरी पगार येत होता. माझ्या मते 1962 च्या सुवर्णाचं मूळ तिथं आहे, आणि चुनी गोस्वामींच्या ड्रिबलिंगइतकंच त्याचंही कौतुक व्हायला हवं.

ही चढण एका दिवसात ढासळली नाही. हैदराबादहून येणारे खेळाडू आटत गेले. रोव्हर्स चषक बंद पडला. मुंबईचा महिंद्रा युनायटेड क्लब 2010 मध्ये गुंडाळला, पंजाबचा जेसीटी 2011 मध्ये. 2016 मध्ये डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या तिन्ही क्लबांनी आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतलं. यांपैकी डेम्पो पाच वेळा राष्ट्रीय विजेता. आपल्या भागातल्या फुटबॉलवेड्यांना हा घाव सर्वांत जवळचा होता.

2014 ला सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगनं पैसा, हिरवीगार मैदानं आणि तंदुरुस्ती आणली, हे नाकारून चालणार नाही. मिझोराम आणि मणिपूरनं तर आजच्या संघाला अर्धा जीव दिलाय. छांगते मिझोरामचा, सुरेश वांगजाम मणिपूरचा. धावण्याच्या बाबतीत आजची पोरं 1962 च्या संघाला नक्की भारी पडतील. त्या काळी देशातले सामने 70 मिनिटांचेच असायचे. पण क्लबांनी गोल करायचं काम वर्षानुवर्षं परदेशी खेळाडूंवर सोपवलं. परिणाम डोळ्यांसमोर आहे. निवृत्त झालेल्या सुनील छेत्रीला मार्च 2025 मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, परत बोलवावं लागलं. आल्या आल्या त्यानं मालदीवविरुद्ध आपला 95 वा आंतरराष्ट्रीय गोल केला. मला त्याचा अभिमान वाटतो, पण त्याची जागा घेणारा कुणी नाही हे बघून जीव तुटतो. जानेवारी 2024 च्या आशिया चषकात भारताला तीन सामन्यांत एकही गोल करता आला नव्हता. जकार्तात आपण हरवलेल्या जपाननं 1993 ला व्यावसायिक लीग सुरू केली आणि 1998 पासून तो एकाही विश्वचषकाला चुकलेला नाही. आपली लीग मात्र 2025 चा हंगाम वेळेवर सुरूसुद्धा करू शकली नाही.

सीमाभागाची गोष्ट यात थोडी वेगळी आहे. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. बरोबर महिन्यानं, 1 डिसेंबरला, मुंबईच्या मैदानांवर घडलेल्या नेव्हिल डिसोझानं मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली आणि भारत उपांत्य फेरीत पोचला. ज्या मुंबईनं त्याला वर काढलं, ती आता आपल्या पोरांसाठी दुसऱ्या राज्याची राजधानी होती.

खेळाचं नातं काही तुटलं नाही. पाटाकडील किंवा दिलबहार तालमीचा सामना असला की कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर इथली माणसं आजही जातात. छावणीमुळं आणि मिशनच्या शाळांमुळं कॅम्पात चेंडू कधी थांबलाच नाही. पण बघणं वेगळं आणि निवड होणं वेगळं. मार्च 2023 मध्ये रियाधला मेघालयला 3-2 नं हरवून कर्नाटकनं 54 वर्षांनी संतोष ट्रॉफी ही राज्यांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, तेव्हा इथंही आनंद झाला. त्या संघाचा कारभार चालतो बेंगळुरूतून, बेळगावपासून सुमारे 500 किलोमीटरवर. कोल्हापूर आणि गोवा दोन-तीन तासांच्या अंतरावर, पण दोन्हींकडच्या संघटना वेगळ्या. खानापूर किंवा निपाणीच्या सतरा वर्षांच्या पोराला यातला एक रस्ता धरायचा असतो, आणि त्या वयात त्याच्यापुढं पोलिसांची, रेल्वेची किंवा मिलची ती पगाराची जागा आता पूर्वीसारखी नसते.